ढकललं कुणी

"ओढायची, ढकलायची नाही. आपलं ओढून झालं की हात सैल सोडायचा, म्हणजे पलीकडच्याला त्याचं ओढता येतं. ढकललीस तर पातं वाकेल आणि दोघांचाही दिवस फुकट जाईल."

लग्न होऊन आल्या त्या पहिल्याच आठवड्यात सासऱ्यांनी बाईंना करवतीच्या दुसऱ्या मुठीपाशी उभं करून हे सांगितलं होतं. सून शाळेत विज्ञान शिकवणार, तर घरचं हत्यार तिला ठाऊक असावं, एवढाच त्यांचा हेतू. पुरुषभर लांब पातं, दोन टोकांना दोन लाकडी मुठी, मधे ओंडका. बाईंनी दहादा ओढली. अकराव्यांदा उत्साहाच्या भरात ढकलली, तशी ती करवत वाकडी होऊन अशी कण्हली की गोठ्यातल्या म्हशीने मान वळवून पाहिलं. सासरे हसले नाहीत, रागावलेही नाहीत. कळलं ना, एवढंच म्हणाले आणि पुन्हा हात सैल सोडून उभे राहिले.

पुढे बाईंनी वर्गात मुलं जोडीजोडीने बसवली, त्याचं मूळ या मुठीत होतं. त्यांचा नियम साधा. प्रश्न घातला की जोडीत बोलायचं. मग उभं राहून आधी जोडीदाराचं म्हणणं सांगायचं. "हो, असंच म्हणालो मी," अशी त्याने मान हलवली की मगच आपलं. मान हलली नाही तर खाली बसून पुन्हा विचारायचं. चाळीस मुलं अशी बोलायला लागली की वर्गाचा बाजार व्हायचा. मुख्याध्यापकांच्या खोलीची भिंत त्या वर्गाला लागून होती, आणि तिथूनच सगळं दुखणं सुरू झालं होतं.

घरातलं दुखणं निराळं. सासरे जाऊन आठ महिने झाले होते आणि त्यांचे दोन मुलगे आठ महिने एकमेकांशी बोलत नव्हते. थोरला, म्हणजे बाईंचे मोठे दीर, आणि धाकटा, म्हणजे बाईंचे यजमान. दोघंही करवतकाम करणारे, करवत एक आणि मुठी दोन. त्यामुळे अबोला धरला तरी सकाळी सातला समोरासमोर उभं राहणं सुटत नव्हतं. दिवसभर ओढायचं, घाम पुसायचा, पुन्हा ओढायचं, आणि एकमेकांच्या डोक्यावरून आभाळाकडे बघत राहायचं. इतकं एकतानतेने काम करणारे भाऊ पंचक्रोशीत नाहीत, असं लोक म्हणत. लांबून बघणाऱ्याला तसंच वाटायचं.

भांडणाचं कारण एक ओंडका. सासरे खाटेला लागले होते तेव्हा दोघांनी पहिल्यांदाच स्वतःच्या मनाने एक लांब ओंडका कापायला घेतला. एरवी लाकूड कापायच्या घोडीवर कसं चढवायचं, कुठलं टोक बाहेर काढायचं, हे सासरेच बघायचे. मुलांनी फक्त ओढायचं. का असं ठेवायचं, हे कोणी विचारलं नाही आणि त्यांनीही सांगितलं नाही. त्या दिवशी दोघांनी ओंडक्याच्या दोन्ही टोकांखाली दोन ठोकळे सारले आणि मधोमध करवत धरली. निम्म्यावर गेल्यावर पातं अडकलं ते अडकलंच. हिसका दिला तर मधे वाकलं, चार दात गेले. सासरे आत खाटेवरून आवाज ऐकत होते. ते म्हणाले, "ढकललंय कुणीतरी." आणि आठ दिवसांनी गेले. कुणी ढकललं, ते न सांगताच गेले.

तेव्हापासून थोरला म्हणायचा धाकट्याने ढकललं, आणि धाकटा म्हणायचा थोरल्याने. म्हणायचे ते बाईंजवळ. बाईंचा एक नेम होता, दुपारपर्यंत कुणाला उलट बोलायचं नाही आणि कुणाचा कडू शब्द पुढे न्यायचा नाही. नेम चांगला होता. देवाने एक जीभ दिली आहे ती जपून वापरावी, असं त्यांना मनापासून वाटे. पण त्याचं असं व्हायचं की थोरला सांगायचा, "मास्तरीण, सांग त्याला, बापाच्या जिवावर उठलेल्या माणसाने मला दात घासायला शिकवू नये." बाई अंगण ओलांडून जायच्या आणि नवऱ्याला सांगायच्या, दादा म्हणतात करवतीचे दात ते स्वतः घासतील. नवरा उत्तर द्यायचा, त्याला म्हणावं आधी स्वतःचं मनगट घास. बाई परत यायच्या आणि सांगायच्या, ते म्हणतात मनगटाला जपा. थोरला चक्रावून जायचा. आपण एवढं टोचून बोललो आणि हा आपल्या मनगटाची काळजी करतो, म्हणजे नक्कीच याच्या मनात काहीतरी पाप आहे, असं त्याला वाटायचं.

अशात सोमवारी वादळ झालं आणि शाळेच्या फाटकाजवळचं जुनं झाड आडवं झालं. पडलं तेही असं की बुंधा एका बाजूला कुंपणाच्या भिंतीवर आणि शेंड्याकडचा भाग दुसऱ्या बाजूच्या चौथऱ्यावर, मधे फाटकाच्या वाटेवर कमरेइतक्या उंचीवर पूल. मुलं खालून सुळकन निघून जायची. मुख्याध्यापकांचं पोट मात्र वाकण्याच्या कामाचं नव्हतं. त्यांना आधी टोपी पलीकडे सारावी लागे, मग पिशवी, मग स्वतःला, आणि बाहेर निघाल्यावर समोर उभी असलेली पहिलीची मुलं त्यांना एकसुरात नमस्ते म्हणत.

गुरुवारी तपासनीस येणार होते. त्यामुळे झाड बुधवारपर्यंत हलवण्याचं काम या दोघा भावांना मिळालं. मंगळवार फांद्या तोडण्यात गेला. पाऊस थांबला होता पण हवा ओल्या घोंगडीसारखी अंगाला चिकटत होती. कुऱ्हाडीचा दांडा घामाने निसटत होता, आणि लाकूड असं चिवट की घाव घातला की खांद्यापर्यंत मुंग्या येत. संध्याकाळी दोघांचेही तळहात सोललेले. थोरली जाऊ दोघांनाही हळद लावून गेली आणि जाताजाता म्हणाली, हात तरी दाखवा एकमेकांना, तेवढ्याने अबोला मोडत नाही.

बुधवारी सकाळी बुंध्याच्या मधोमध करवत लागली. दोन तास भुसा पडत होता. बाईंच्या वर्गाची खिडकी समोरच होती, आणि त्या लयीवर मुलांनी पाढेसुद्धा म्हटले असते. मग निम्म्यावर आल्यावर लय तुटली. पातं अडकलं. दोघांनी हिसके दिले, तेल सोडलं, वरून चिरेत पाचर ठोकली. पाचरही अडकली. थोरला करवतीकडे बघत राहिला आणि सगळ्या शाळेला ऐकू जाईल अशा आवाजात कुणालाही उद्देशून न म्हणता म्हणाला, "ढकललंय कुणीतरी." धाकट्याने मूठ सोडली आणि तो भिंतीवर जाऊन पाठ करून बसला.

बाईंनी वर्गाकडे पाहिलं. चाळीस मुलं खिडकीकडे बघत होती. पुस्तकात त्या दिवशी बल आणि दाब होते. बाईंनी पुस्तक मिटलं आणि विचारलं, करवत का अडकली असेल, जोडीत बोला.

बाजार भरला. आणि पाचव्या मिनिटाला मुख्याध्यापक दारात उभे राहिले. ते ओरडणारे गृहस्थ नव्हते. ते थकलेल्या माणसासारखं बोलत, आणि तेच जास्त लागे. त्यांनी बाईंना बाहेर बोलावून सांगितलं की तपासनिसांना शिस्त आवडते. उद्या हाताची घडी, तोंडावर बोट. बाईंनी फळ्यावर लिहावं आणि मुलांनी उतरवून घ्यावं. तपासनिसांच्या कानावर हा गोंगाट गेला तर पुढच्या सत्रापासून विज्ञान मुख्याध्यापक स्वतः घेतील, आणि बाईंकडे शिवण आणि हजेरीचं काम राहील. साडेदहा वाजले होते. दुपार व्हायला दीड तास होता. बाईंनी मान खाली घातली. मुख्याध्यापक नेहमी सकाळीच यायचे, कोणीतरी त्यांना नेमाचं सांगितलं असावं.

बाई आत आल्या तेव्हा थोरला खिडकीच्या बाहेर पाण्याचा तांब्या घेऊन उभा होता आणि वर्ग उत्तरं सांगत होता. सगळ्या जोड्यांचं उत्तर एकच होतं, कुणीतरी ढकललं. गावाने आठ महिने हेच ऐकलं होतं. शेवटून दुसऱ्या बाकावर दोन मुली होत्या. एकीला सगळे भोंगा म्हणत, कारण ती कानात बोलली तरी पलीकडच्या गल्लीत ऐकू जाई. दुसरी घुमी. तिची आई बाजारात भाजी विकायची. घुमी आठवड्यातून एखादं वाक्य बोले, आणि तेही बहुधा "दप्तर सरकव" एवढंच असे. बाईंनी त्या दोघींना मुद्दाम एकत्र बसवलं होतं. नियमामुळे भोंग्याला बोलायच्या आधी घुमीला विचारावंच लागे, आणि बोलायच्या हावेने ती विचारी.

भोंगा उभी राहिली. "माझं म्हणणं आहे की थोरल्या काकांनी ढकललं—"

आधी जोडीदाराचं, बाई म्हणाल्या.

भोंग्याने नाक मुरडलं. "ही म्हणते कुणीच ढकललं नाही. ही म्हणते झाड दोन्हीकडून टेकलंय आणि मधे झुकतंय. म्हणून वरची चीर मिटते आणि करवतीला चावते. खालून कापलं असतं तर चीर उघडली असती." मग तिने घुमीकडे पाहिलं. घुमीने मान हलवली.

खिडकीबाहेर तांब्यातलं पाणी थोरल्याच्या पायावर सांडलं, पण त्याला ते कळलं नाही. तो मग हसला. भाजीवालीची पोर आता आम्हाला करवत शिकवणार, असं म्हणाला. पण हसू अर्ध्यावर राहिलं, कारण त्याला ते दोन ठोकळे आठवले असावेत. तो गजांना धरून आत वाकला.

"दाखवून दे मला. कुणीच ढकललं नव्हतं असं निघालं, तर मी स्वतः जाऊन त्याला तसं सांगेन. मास्तरणीच्या हाती निरोप नाही, मी स्वतः. सगळ्या वर्गासमोर शब्द देतो."

घंटा झाली. घुमी त्या दिवसाचं पहिलं वाक्य बोलली. उद्या दाखवते.

बाईंना रात्री झोप लागली, कारण त्या देवावर भार टाकून झोपायच्या, पण पहाटे डोळे उघडले ते त्या एका शब्दाने. उद्या. उद्या तोंडावर बोट. आठ महिन्यांत दोघा भावांमधे उजेडाची एक फट पडली होती, आणि ती दाखवणार होती एक मुलगी जी आठवड्यातून एकदा बोलते. तिला उद्या गप्प बस म्हणायचं, तर विज्ञान हाती राहील. पण मग ते विज्ञान कशाला हवं, हा प्रश्न बाईंनी तुळई बघत स्वतःला विचारला, आणि त्याला दुसरी बाजू सांगणारं शेजारी कोणी नव्हतं. यजमान घोरत होते.

गुरुवारी तपासनीस दहाला आले. जीप झाडाच्या अलीकडे थांबली, चालक तिच्यातच पाय पसरून आडवा झाला. तपासनीस उंच आणि सडसडीत. ते खाली वाकून सहज निघाले. त्यांचं स्वागत करायला मुख्याध्यापक घाईघाईने अलीकडे आले होते, आता त्यांना मागोमाग पुन्हा पलीकडे जायचं होतं. ते निम्म्यावर अडकले. वर करवत अडकलेली, खाली मुख्याध्यापक. धाकटा भाऊ भिंतीवरून उतरला आणि त्याने त्यांना दोन्ही काखांत हात घालून ओढलं. ढकलायला पलीकडून थोरला आला होता, पण धाकट्याने नुसतं पाहिलं, तसा तो थांबला.

वर्गात चाळीस बोटं चाळीस तोंडांवर होती. बाई फळ्याशी खडू घेऊन उभ्या. तपासनीस मागे बाकावर बसले, आणि मुख्याध्यापक त्यांच्या शेजारी टेकले. माशी उडाली तरी ऐकू येत होती. शेवटून दुसऱ्या बाकाखाली टोपलीत सहा काकड्या होत्या, वाकड्या, बाजारात न खपणाऱ्या, आणि घुमी टोपलीकडे बघत नव्हती, बाईंकडे बघत होती. भोंग्याने तोंडावर दोन्ही हात दाबले होते आणि तिचे गाल फुगले होते. खिडकीत थोरला उभा होता.

बाईंनी खडू खाली ठेवला. त्या मुख्याध्यापकांकडे गेल्या आणि मऊ आवाजात म्हणाल्या, "सर, आज आवाज होईल." हे उलट बोलणं नव्हतं, आगाऊ सांगणं होतं. नेम मोडला नाही असं त्यांनी मनाशी ठरवलं. मग मुलांना म्हणाल्या, बोटं काढा.

घुमीने दोन विटा मांडल्या, त्यांवर काकडी आडवी ठेवली आणि मधोमध वरून एक चीर दिली, खालून एक. मग भोंग्याला सांगितलं, दाब. भोंग्याने मधे दाबलं. वरची चीर मिटली. खालची चीर उघडून हसली. प्रत्येक बाकाने मान लांब करून पाहिलं. मग उरलेल्या काकड्या फिरल्या आणि बाजार भरला. वरच्या चिरेत कागदाचा तुकडा घालून दाबा म्हणून कोणीतरी सुचवलं, तो अडकला आणि ओढल्यावर फाटला. खालच्या चिरेतला आपोआप गळून पडला.

तपासनिसांनाही एक काकडी आली. बाईंनी सगळ्यांना जशी आठवण करून दिली तशी त्यांनाही दिली, आधी जोडीदाराचं म्हणणं सांगायचं. त्यांचे जोडीदार मुख्याध्यापक. आपलं म्हणणं तपासनिसांनी हळू आवाजात सांगितलं आणि मुख्याध्यापक उभे राहिले. साहेबांचं म्हणणं त्यांनी इतकं तंतोतंत, इतकं भक्तिभावाने सांगितलं की साहेबांची मान तीनदा हलली. नोकरीची तीस वर्षं ते हेच करत आले होते. मग भोंग्याने विचारलं, आता तुमचं. मुख्याध्यापकांनी तोंड उघडलं. वर्ग थांबला. ते काकडीकडे बघत राहिले. बऱ्याच वेळाने ते म्हणाले की त्यांना कोणी असं विचारलं नव्हतं. मुलं हसली नाहीत. घुमीने सरकून त्यांना जागा दिली आणि काकडी पुन्हा विटांवर मांडली.

पुढचं बाहेर झालं. तपासनिसांनी चालकाला उठवलं, जीपचा जॅक काढायला लावला. मधे झुकलेल्या बुंध्याखाली ठोकळे रचून त्यावर जॅक लावला आणि चढवत नेला. लाकूड करकरलं. वरची चीर काडीभर उघडली. आधी पाचर पडली, मग करवत मोकळी झाली, जशी काही स्वतःहून. थोरल्याने आणि धाकट्याने गुडघे टेकून ती उलटी धरली, दात वर. जॅक सैल केला. मान वाकडी करून, डोळ्यांत भुसा झेलत दोघांनी खालून ओढायला सुरुवात केली. खाली चीर आपोआप रुंदावत गेली. कुणी ढकललं असतं तरी अडलं नसतं. दुपारी झाडाचे दोन भाग ठोकळ्यांवर अलगद बसले आणि फाटकाची वाट मोकळी झाली. चाळीस मुलं टाळ्या वाजवायच्या आधी थोरल्याकडे बघत होती. थोरला घाईने दोर गुंडाळू लागला.

तपासनिसांनी शेऱ्यात लिहिलं की वर्गात मोठा आवाज होता. मुख्याध्यापकांनी ते वाचून सुस्कारा सोडला. पुढच्या ओळीत लिहिलं होतं की तो तसाच राहावा, आणि मुख्याध्यापकांनी दर गुरुवारी त्या वर्गात जोडीला बसावं, कारण त्यांची अर्धी तयारी उत्तम आहे. जोडीदार म्हणून त्यांना भोंगा मिळाली.

त्या दिवशी संध्याकाळी थोरला जेवताना बोलला नाही. हात धुतानाही नाही. अंगणाच्या पलीकडे, आपल्या ओट्यावर, धाकटा कानस घेऊन करवतीचे दात घासत बसला होता. शाळेतलं सगळं त्याच्या कानावर आलं होतं, भोंग्याचं घर मागच्याच गल्लीत. तो वाट बघत नव्हता असं दाखवत होता. पण तासभर त्याची कानस एकाच दातावर चालली होती.

सकाळी बाई पाणी भरून आल्या तेव्हा थोरला दारात उभा. आंघोळ केलेला, धुतलेला सदरा घातलेला. त्याने इकडेतिकडे पाहिलं आणि हळूच म्हणाला, एक निरोप नेतेस का, शेवटचा.

बाईंनी घागर खाली ठेवली. सकाळचे सात वाजले होते. दुपार लांब होती.

"नाही दादा. आठ महिने मी नेले. तुमचं एकही म्हणणं त्यांच्यापर्यंत धड पोचलं नाही, त्यांचं तुमच्यापर्यंत नाही. मी वाटेत धुऊन टाकत होते. वर्गात ज्या गोष्टीसाठी मी मुलांना खाली बसवते, तीच घरी करत होते."

मनगटाचं तेवढं तो खरंच म्हणाला होता का, असं थोरल्याने विचारलं. बाईंनी खरं काय ते सांगितलं. थोरल्याच्या मिशीत काहीतरी हललं. वडिलांच्या मरणानंतर त्याला असं मनापासून हसताना बाईंनी पाहिलं नव्हतं, त्यामुळे ओळखायला वेळ लागला.

"मग त्याचं म्हणणं आहे तरी काय? आधी ते सांगावं लागेल ना. त्या पोरीचा नियम आहे."

"नियम माझा आहे," बाई म्हणाल्या. "आणि मला माहीत असतं तरी सांगितलं नसतं. ते त्यांनाच विचारायचं."

थोरल्याने मान डोलावली. अंगण पंधरा पावलांचं. पलीकडे कानस थांबली होती. तो पाच पावलं गेला आणि परत आला. बाईंना वाटलं, गेला हिय्या. पण तो ओट्याखालचा छोटा चौरंग उचलायला आला होता, सासरे बसायचे तो. विचारायला बसावं लागेल, उभ्याने होण्यासारखं काम नाही, असं तो स्वतःशीच पुटपुटला. चौरंग काखेत मारून, मोकळा हात सैल सोडून, तो पुन्हा निघाला.